"ब्रेक सोडा" म्हणजे नक्की काय

आमची आत्या ग्लायडर शिकवते. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दोराने वर ओढतात, खाली आणायचं ते स्वतःच्या अकलेवर. बावीस वर्षं शिकवतेय, तोंडाने फटकळ, पण एकाही शिकणाऱ्याच्या नखाला धक्का लागू दिला नव्हता. म्हणून त्या दिवशी झालं ते मला पटेचना.

शिकणारा होता बसवाला. एकोणतीस वर्षं बस चालवून रिटायर झालेला. पुढे तो, मागच्या सीटवर आत्या. मी खालून बघत होते. उतरायला सरळ रेषेत आले, एकदम झकास. दोन मजली घराएवढी उंची उरली असेल, आणि पंखांवरच्या ब्रेकच्या पट्ट्या सटकन पूर्ण वर आल्या. त्या वर आल्या की ग्लायडर खाली बसत जातं. आत्याने मागून तिच्या बाजूचा ब्रेकचा दांडा पकडेपर्यंत उशीर झाला होता. मैदानाच्या अलीकडेच मातीच्या ढिगावर आपटलं. बसवाल्याला खरचटलं, आत्याचा घोटा मोडला.

चौकशी लागली. आत्या म्हणाली, "मी ब्रेक बंद करायला सांगितलं." बसवाला म्हणाला, "आईशप्पथ, मी दांडा ओढलाच नाही." सगळे म्हणाले, म्हातारा घाबरला. म्हणजे त्याचं उडणं कायमचं बंद, आत्या मोकळी.

पण दोघंही थापा मारणारी माणसं नाहीत. मग पट्ट्या काय भुताने उघडल्या?

मी बसवाल्याला घरी बोलावलं. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, डाव्या हातात दांडा म्हणून छत्री दिली. मागे आत्या, प्लास्टरचा पाय स्टुलावर.

"आत्या, त्या दिवशी जे बोललीस तेच बोल. शब्दाला शब्द."

"उंची कमी पडतेय. ब्रेक सोडा."

बसवाल्याने मूठ उघडली. छत्री धाडकन फरशीवर.

"अहो, हे काय?"

"सोडा म्हणालात, सोडला. बसमध्ये ब्रेक सोडला की गाडी पुढे पळते, बाई!"

"अहो, इथे हात काढला की वारा पट्ट्या ओढून वर काढतो! सोडा म्हणजे पुढे ढकलून बंद करा!"

"मग बंद करा म्हणायचं ना!"

  बावीस वर्षं हाच शब्द वापरला होता आत्याने. बाकीच्या शिकणाऱ्यांनी जन्मभर ब्रेकवर पोट भरलं नव्हतं, एवढाच फरक.

बसवाला गेल्यावर मी म्हटलं, "हे आपल्यातच राहू दे. तुझा शिकवायचा परवाना जाईल."

"आणि त्यांच्यावर घाबरटाचा शिक्का बसू दे? कागद आण."

"नाही आणत."

"मग मी लंगडत जाऊन आणते."

आणला. काय करणार! तिने सगळं लिहून दिलं. सहा महिने शिकवायला बंदी. बसवाला सुटला, त्याला दुसऱ्या शिक्षकाकडे पाठवलं. तर हा दारात येऊन उभा.

"बाई, मी थांबतो तुमच्यासाठी."

"थांबायला मी काय बस आहे? आलंय तेवढंही विसराल. निघा!"

तो गेला. त्याच्या उड्डाणाच्या दिवशी आत्या कुबड्या घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहिली. त्याचं ग्लायडर उतरायच्या रेषेत आलं, जरा खालीच वाटलं, तशी तिची डावी कुबडी खाली पडली आणि रिकामी मूठ हवेत पुढे गेली.