शेळीचं दूध चालतं म्हणून

मस्तगडला राहत होतो तेव्हाची गोष्ट. थोरली मुलगी दीड वर्षाची होती आणि तिचे जुलाब काही केल्या थांबत नव्हते. रांगणारी पोर पुन्हा आडवी झाली. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं टम्म. गल्लीतलं एक लेकरू नुकतंच असंच गेलं होतं. सकाळी मी आधी तिचा श्वास बघायची, मग चूल पेटवायची.

डॉक्टर म्हणाले, "जुलाबांनी आतड्याचं अस्तर खरवडलं गेलंय. दुधातली साखर पचवणारा रस तिथंच तयार होतो. सध्या तो पुरेसा नाही. दूध बंद करा. भाताची पेज, केळं, थोडं ताक द्या. अस्तर भरलं की रसही येईल."

घरी येऊन मी दूध बंद केलं.

"दुधाबिगर लेकरू जगतं का कुठं?" सासूबाई म्हणाल्या. "डाक्टर काय ताकावर वाढला?"

सासरे उठले. हसनाबादला जाऊन एक दुभती शेळी घेऊन आले. "म्हशीचं जड पडतं. हे दूध न्हाई, दवा हाय." सगळ्यांना पटलं, मलाही. आमच्याकडे शेळीचं दूध आजाऱ्यालाच द्यायचं. त्याला दुधात कोण धरतं?

जुलाब चालूच राहिले. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी दिवसभराचं खाणं विचारलं. मी क्रमानं सांगितलं.

"बाई, दूध बंद केलं म्हणालात ना?"

"केलं की. हे शेळीचं आहे."

त्यांनी कपाळाला हात लावला. "आतड्याला शेळी-म्हैस कळत नाही हो. साखर तीच."

त्या दिवसापासून शेळीचं दूध घरच्या चहात पडू लागलं. "मंग दवा मीच पितो," म्हणत सासऱ्यांनी कप पुढं केला.

हळूहळू पोट उतरलं. एका सकाळी लंगोट स्वच्छ निघाला, तर सासूबाईंनी शेजारणीला हाक मारून तो दाखवला. मुलगी बसू लागली, भिंत धरून उभी राहिली. काही महिन्यांनी डॉक्टरांनी चमच्यानं दूध सुरू करायला सांगितलं. मी चमचा भरला तेव्हा सासूबाईंनीच माझा हात धरला. "जल्दी करू नको. अर्धाच बराबर हाय."

अर्धा दिला. दुपारपर्यंत आम्ही दोघी तिचं पोट चाचपत बसलो. ते मऊच राहिलं. शेवटी ती आमच्या चाचपण्याला कंटाळली, हात झटकून उठली आणि भिंत न धरता दारापर्यंत चालत गेली.