सुजाताचा चेहरा

सरांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

हिसकावून नाही. हळूच, दोन बोटांनी, लहान पोराच्या हातातून कात्री घ्यावी तशी. माझ्यापुढच्या फळीवर कागद लावलेला होता. समोर टेबलावर पितळेचा तांब्या होता. तो काढायचा होता. माझ्या कागदावर जे उतरलं ते तांब्यासारखं नव्हतं. कशासारखंच नव्हतं. मागं कोणीतरी हसलं. सरांनी त्याला नजरेनंच गप्प केलं. मला वाटलं, चांगला माणूस आहे.

मग ते म्हणाले, "रेघ संस्कारातून येते, बाई. तीन-तीन पिढ्या लागतात तिला. तुझा हात जड आहे."

आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. बाजारात वांगं पाहतात तसं. हनुवटीला हात लावला नाही त्यांनी. माझ्याच पेन्सिलीच्या टोकानं हनुवटी वर केली, उजेडाकडे वळवली.

"चेहरा मात्र चांगला आहे. हाडं दिसतात. तू काढू नकोस. तू बस."

कोपऱ्यात लाकडी चौथरा होता, त्यावर स्टूल. मी जाऊन बसले. शिकण्यातलाच काही भाग असेल, असं वाटलं मला. सगळ्यांनी आपापल्या फळ्या माझ्याकडे वळवल्या.

पेन्सिल सरांच्या खिशात राहिली.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मी गिरणीत होते, सुताच्या लडी करायच्या खात्यात. घर इंदोऱ्यात, आमच्या बौद्धांच्या वस्तीत. नवरा त्याच गिरणीत, बॉयलरवर. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चित्र म्हणाल तर दारात ठिपक्यांची रांगोळी, त्यापलीकडे काही नाही. मला चित्रकार व्हायचं नव्हतं. मला फक्त एक चेहरा काढायचा होता.

माझी पोरगी सुजाता. चार वर्षांची होती. घटसर्पानं गेली. घसा धरला म्हणेस्तोवर श्वास अडला, आणि दवाखान्याच्या पायरीवर ती माझ्या मांडीवरच गार झाली.

तिचा फोटो नव्हता. आमच्यात तेव्हा कोणाचेच फोटो नसायचे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर फोटोवाले पडदे लावून बसत. मागं रंगवलेला बगीचा, पुढं एक खुर्ची. त्या दसऱ्याला तिला नवा फ्रॉक घालून तिथं बसवायचं ठरलं होतं. ती श्रावणात गेली.

पहिले काही महिने ती डोळे मिटले की दिसायची. मग उन्हाळा लागला आणि ती पुसट व्हायला लागली. आधी कान गेले. मग हसताना गालाला काय व्हायचं ते गेलं. एक दिवस मशीनवर उभी असताना मी तिचं नाक आठवायला गेले, तर माझ्या बहिणीच्या पोरीचं नाक पुढं आलं. माझे हात थांबले. सूत तुटलं. मुकादम ओरडला, ते मला ऐकूच आलं नाही. माणूस एकदाच मरतो म्हणतात. माझी पोरगी रोज थोडी थोडी मरून राहिली होती.

सीताबर्डीवर एका जिन्यापाशी पाटी होती. चित्रकलेचा वर्ग, कोणीही शिकू शकते. बसमधून जाता-येता ती मी वाचायची. एक दिवस नवऱ्याला सांगितलं, मी तिथं जाते. तो भाकरी खात होता. म्हणाला, "चित्र काढून का होनार वं?"

मी म्हटलं, "ती दिसन मले."

त्यानं भाकरी संपवली. फीचे पैसे दुसऱ्या दिवशी आणून दिले.

वर्गात पहिल्या दिवशी सरांनी नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मग राहता कुठं, ते. इंदोरा म्हटल्यावर "हं" म्हणाले, आणि तिथून पुढं 'तुम्ही'चं 'तू' झालं. माझ्या बाजूला पोस्टातून रिटायर झालेले एक काका बसायचे. त्यांचाही तो पहिलाच दिवस. त्यांचा हात कापायचा. त्यांचा तांब्या दुधी भोपळ्यासारखा आला होता. सर त्यांना म्हणाले, "जमेल तुम्हाला. सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं."

सगळ्यांचं. त्या सगळ्यांत मी नव्हते.

मी बसत राहिले. गिरणीची पाळी सुटली की बस धरायची, जिना चढायचा, स्टुलावर बसायचं. सरांनी माझी फी परत केली. बसणाऱ्याकडून फी घेत नाहीत, म्हणाले. वर्गातल्यांना ते फार मोठेपणाचं वाटलं. मी का उठून गेले नाही, असं पुढं मला लोकांनी विचारलं. कारण सर बाकीच्यांना शिकवायचे, ते मला ऐकू यायचं. डोळे कपाळाखाली लगेच नसतात, डोक्याच्या बरोबर मधोमध असतात, हे मी स्टुलावर बसून ऐकलं. कानाची वरची कड भुवईच्या रेषेत येते. लहान मुलाचं कपाळ मोठं, हनुवटी छोटी. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. हलायची परवानगी नव्हती.

सकाळी भोंग्याच्या आधी मी घरी काढायची. गिरणीत सुताच्या गठ्ठ्यांना खाकी कागद असायचा, त्याचे फाटके तुकडे मी आणायची. पेन्सिल नवी घेतली. आधी नुसतं अंडं काढायचं. मग मधोमध रेघ, तिथं डोळे. पहिले पहिले चेहरे माकडासारखे आले. मग माणसासारखे झाले. मग मुलीसारखे झाले. पण कुठल्या मुलीसारखे?

एका रविवारी नवरा माझ्या मागं येऊन उभा राहिला. कितीतरी वेळ पाहत होता. मग म्हणाला, "हे कोन होय वं?"

मी म्हटलं, "सुजी."

तो म्हणाला, नाक असं नव्हतं. बसकं होतं, त्याच्या आईसारखं. मी म्हटलं, नाही, सरळ होतं. तो म्हणाला, बसकं. आम्ही भांडलो. मेलेल्या लेकराच्या नाकावरून दोघं नवरा-बायको भांडलो. आवाज ऐकून शेजारीण दारात आली. तो खाली बसला आणि त्यानं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"नको काढू. माह्या ध्यानात जे आहे ते बी पुसून राहिलं."

खरं होतं ते. प्रत्येक चुकीचा चेहरा खऱ्या चेहऱ्यावर बसत होता. मी पोरीला शोधत होते आणि शोधता शोधता तिला बुजवत होते. तरी मी काढत राहिले. मला वाटायचं, हात सुधारला की चेहरा येईल. नीट शिकायला मिळालं तर येईल.

वर्गात अंजली नावाची एक मुलगी होती, धरमपेठेतली, कॉलेजात जाणारी. तिनं एकदा मला चहा आणून दिला. इथं काहून येता म्हणून विचारलं. तिनं आमच्या बोलीत विचारलं, म्हणून मी सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती जाऊन सरांना सांगून आली. वाईट हेतूनं नाही. तिला वाटलं, सर आता मला फळी देतील, शिकवतील.

सर माझ्याजवळ आले. पहिल्यांदा आवाज मऊ होता. म्हणाले, अंजलीनं सांगितलं मला. मग त्यांनी खुंटीवरची शाल काढली, तिची घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"हात असे धर. जणू मूल आहे. मान खाली. हं, आता हलू नकोस."

मी हलले नाही. शालीला वजन नव्हतं. माझ्या पोरीला वजन होतं. माझ्या हातांना ते माहीत होतं, चेहरा विसरला तरी हात विसरले नव्हते. तिथं बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, तर सर म्हणाले, पुसू नकोस, असंच राहू दे. त्यांचा ब्रश भराभर चालत होता.

त्यानंतर कितीतरी दिवस ती शाल माझ्या मांडीवर होती. चित्र ते मला दाखवायचे नाहीत. झाल्यावर बघ, म्हणायचे.

दिवाळीनंतर धंतोलीत एका हॉलमध्ये वर्गाचं प्रदर्शन भरलं. सरांनी मला मुद्दाम बोलावलं. मी धुतलेलं पांढरं लुगडं नेसून गेले. नवराही आला. दाराशीच चपला काढाव्या का ते आम्हाला कळेना.

समोरच्या भिंतीवर मोठं चित्र होतं. सोनेरी चौकट. लोक त्याच्यापुढं उभे होते. बाईचं तोंड माझं होतं, ते ओळखू येत होतं. कपाळावर मोठं कुंकू होतं, मी लावत नव्हते तसं. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी गळ्यातले गंडे-ताईत स्वतःच्या हातानं नदीत टाकले होते. सरांनी माझ्या गळ्यात ताईत घातला होता. बाजूला झाडू आणि टोपलं ठेवलं होतं. मी सुताच्या लडी करणारी बाई. झाडू कुठून आला, मला कळलं नाही. पदर अर्धा खाली आला होता. माझा पदर त्या वर्गात कधीच खाली आला नव्हता.

आणि मांडीवर शाल नव्हती. मूल होतं. मेलेलं मूल.

त्या मुलाला चेहरा होता. गोल, गुबगुबीत, कॅलेंडरवरच्या बाळकृष्णासारखा. ओठ लाल. कुरळी बट कपाळावर.

खाली नाव लिहिलं होतं. 'अस्पृश्या'.

नवऱ्यानं माझा दंड धरला. तो हळूच म्हणाला, "हे आपली नोहे." मला विचारत होता की सांगत होता, कळलं नाही. त्या क्षणी मला डोळे मिटायची भीती वाटली. कारण डोळे मिटले तर आता हेच दिसणार होतं.

पेपरचा फोटोवाला आला होता. सर मला हाक मारत पुढं आले, लोकांना म्हणाले, हीच ती. लोकांनी वाट करून दिली. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे पाहून म्हणाले, वा, हुबेहूब. चित्राखाली बसायला वेताचा एक मोडा ठेवलेला होता. सर म्हणाले, "बस इथं. मान जरा खाली घे, चित्रात आहे तशी."

मी उभी राहिले.

"बस ना."

"मी नाई बसत."

लोक वळून पाहायला लागले. मी म्हटलं, "सर, मी शिकायले आली होती. फी भरून आली होती. तुमी माही पेन्सिल घेतली अन् मले बसवलं. ही बाई मी नोहे. हे लेकरू माहं नोहे. माह्या पोरीचं तोंड तुमी पायलं नाई. त्या लेकराचं तोंड पुसा."

सर चिडले नाहीत. तेच जास्त लागलं मला. ते लोकांकडे बघून हसले, जरा थकल्यासारखे, आणि मला म्हणाले, "तुझं दुःख मी अमर केलं आहे. तुला कळायचं नाही ते."

अंजली भिंतीला टेकून रडत होती. पुढं आली नाही.

आम्ही दोघं बाहेर पडलो. धंतोलीपासून इंदोऱ्यापर्यंत चालत आलो. बस होती, पण बसलो नाही. वाटेत तो एकदाच बोलला. म्हणाला, बरं केलं. रेल्वेचा पूल चढताना माझ्या डोक्यात सरांचं पहिल्या दिवशीचं बोलणं फिरत होतं. तीन पिढ्या. पिढ्या आम्हालाही होत्या. माझी आजी होती, तिची आई होती, तिचीही आई होती. त्यांच्या हातात कोणी पेन्सिल दिली नव्हती. आणि माझ्या हातात आली, तर ती काढून घ्यायला माणूस हजर होता. माझा हात जड नव्हता. मला ते त्या पुलावर कळलं. उशिरा कळलं, पण कळलं.

त्या चित्राला पुढं बक्षीस मिळालं. एका मासिकाच्या कव्हरवर छापून आलं. आमच्याच वस्तीतल्या पोरांनी ते कापून वाचनालयात लावलं, अभिमानानं. मी गेले आणि काढायला लावलं. पोरं म्हणाली, काकू, आपल्या दुःखाचं चित्र आहे. मी म्हटलं, आपल्या दुःखाचं नाही, त्यांच्या दयेचं आहे. एक पोरगा माझ्याशी भांडला. भांडू दे.

मी शिकले. कोणाच्या वर्गात नाही. पुन्हा अंड्यापासून शिकले. शेजारणीचे हात काढले, नवऱ्याची पाठ काढली, नळावरची रांग काढली. वर्षं लागली. आता माझी रेघ जिथं न्यावी तिथं जाते.

सुजाता आली नाही. हात तयार झाला तोवर माझ्याकडे काढायला चेहराच उरला नव्हता. डोळे मिटले की कधी बहिणीची पोरगी येते, कधी तो लाल ओठांचा कॅलेंडरवाला मुलगा येतो. मी त्याला हाकलते. तो पुन्हा येतो. नवरा वारला, त्याच्याबरोबर ते बसकं नाकही गेलं. माझी पोरगी कशी दिसायची हे आता जगात कोणालाच माहीत नाही. आईलाही नाही.

गेल्या वर्षी मी तिचं एकच चित्र पुरं केलं. तिचा फ्रॉक मला आठवतो, तो काढला. तेल लावलेल्या दोन वेण्या काढल्या. पायातलं काळं कडं काढलं. मुठी काढल्या, अंगठा आत दाबून धरायची तशा. चेहरा काढला नाही. कागद तिथं कोरा सोडला.

पाहणारे म्हणतात, अर्धवट राहिलं. आमच्याच ओळखीतल्या, आर्ट स्कूलला शिकणाऱ्या एकीनं विचारलं, मी भरून देऊ का, काकू, अंदाजानं?

नाही म्हटलं. अंदाजानं आमचे चेहरे खूप लोकांनी भरले. मला आठवत नाही ते मी खोटं काढणार नाही, आणि माझ्या जिवात जीव आहे तोवर दुसऱ्या कोणालाही तिथं पेन्सिल टेकवू देणार नाही.