बोडीवर ध्यान देजो

बंद पडलेल्या वस्तू दुरुस्त करणारे लोक जगात पुष्कळ आहेत, चालत्या वस्तू बंद पाडणारे त्याहून जास्त आहेत. पण बंद पडलेली वस्तू आणखी बंद पाडू शकेल असा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा साडभाऊ आहे. म्हणजे माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. हे नातं कुणी निवडून घेत नाही, ते लग्नात भांड्यांबरोबर येतं. ते मुर्रीला राहतात, मी गोंदियात प्राथमिक शाळेत मास्तर आहे. ते मला गुरुजी म्हणतात आणि वयानं मोठे असल्यामुळे मी त्यांना भाऊजी म्हणतो, यापलीकडे एकमेकांबद्दल आदर दाखवायची संधी आम्ही एकमेकांना फारशी दिलेली नाही. एकदा आमचा मिक्सर फार आवाज करतो म्हणून त्यांनी तो उघडला. आवाज बंद झाला आणि त्याच्याबरोबर मिक्सरही. "आवाजाचीच तक्रार होती ना जी?" असं म्हणून ते चहा प्यायला बसले. आमच्या शाळेच्या घड्याळाला त्यांनी एकदा प्रेमानं हात लावला, तेव्हापासून त्या घड्याळाप्रमाणे शाळा पावणेअकराला भरते आणि पावणेअकरालाच सुटते. मुलं अजून त्यांची आठवण काढतात.

अशा माणसाच्या हाती त्याच्या वडिलांची मोटारसायकल लागावी हे त्या मोटारसायकलचं प्रारब्ध. ज्या काळी मुर्रीत सायकलवाल्यालाही लोक वाट करून देत, त्या काळी बाबूजींनी, म्हणजे भाऊजींच्या वडिलांनी, ती घरी आणली होती. तिची गंमत अशी की ज्या दांडीनं किक मारायची तीच दांडी पुढे वळवली की गिअर व्हायची. त्यामुळे बाबूजींशिवाय ती कुणालाच समजायची नाही आणि बाबूजींना हे फार आवडायचं. दर महाशिवरात्रीला ते मायला मागे बसवून नागऱ्याच्या महादेवाला नेत. माय म्हणजे भाऊजींची आई. एका हातात बेलाची पुडी आणि दुसऱ्या हातानं सीट गच्च धरून ती बसायची. जाताना नवऱ्याच्या खांद्याला हात लावायची नाही, कारण गाव बघत असायचं. येताना मात्र, असं म्हणून ती थांबते आणि पुढचं सांगत नाही. मग बाबूजींचे गुडघे गेले, किक बसेना आणि गाडी गाईच्या कोठ्यात गेली. तिच्यावर दरवर्षी धानाची तणीस, म्हणजे पेंढा, पडत गेली आणि कोंबड्या सीटवर अंडी घालू लागल्या. ती गाडी तिथेच सुखानं कुजली असती, पण मध्ये एक शब्द आला.

तो शब्द नीट सांगायला हवा, कारण सगळं रामायण त्यावर उभं आहे. आमच्याकडे शेताच्या वरच्या अंगाला मातीची पाळ बांधून जे छोटं तळं करतात त्याला बोडी म्हणतात. पावसाचं पाणी तिच्यात साठवायचं आणि पावसानं ओढ दिली की धानाला सोडायचं. भाऊजींचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तळी खोदणाऱ्यांचं. त्यांच्या शेतावरची बोडी त्यांच्या पणज्यानं स्वतःच्या हातानं खोदलेली. हे झालं एकीकडे. दुसरीकडे, भाऊजी त्या वेळी गोंदियात ट्रकची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात कामाला होते आणि आमच्या भागात बॉडीला कुणी बॉडी म्हणत नाही, बोडीच म्हणतात. 'ऑ' हा स्वर शिकवण्यात माझी अर्धी नोकरी गेली, तो अजून कुणाच्या तोंडी बसलेला नाही. तर शेवटच्या दिवशी बाबूजींनी लेकाला जवळ बोलावलं. मी उशाशीच होतो. बाबूजी म्हणाले, "बेटा, बोडीची हालत खराब हाय. बोडीवर ध्यान देजो." एवढंच. संध्याकाळी ते गेले. पाळ दोन ठिकाणी फुटलेली होती, पाणी ठरत नव्हतं, खालचं धान दरवर्षी सुकत होतं. बाप कशाबद्दल बोलला हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. फक्त ज्याला सांगितलं त्याला कळलं नाही. तेरा दिवस तो माणूस भिंतीला टेकून बसला होता. चौदाव्या दिवशी उठला, कोठ्यात गेला, कोंबड्या हाकलल्या आणि तणीस उपसून गाडी बाहेर काढली. "बाबूजीनं सांगतलन जी," ते मला म्हणाले, "बोडी पूरी सडून गेली. आता मी ध्यान देतो."

मी तिथल्या तिथे सांगणार होतो, शुद्धलेखनाची चूक दिसली की माझा हात आपोआप तांबड्या पेनाकडे जातो. पण मायनं मला स्वयंपाकघराच्या दाराशी अडवलं. "नोको सांगू गुरुजी," ती म्हणाली. "हात चालून राहिले त्याचे. चालू दे." मी त्यांना सांगितलं नाही. मात्र बाकी सगळ्यांना सांगितलं. कुठल्याही लग्नात पंगत बसली आणि भाऊजी वाढायच्या गडबडीत लांब गेले की मी सुरू करायचो, "बाप म्हणाला तळं आणि लेक घेऊन बसला टाकी." जिलबी वाढेपर्यंत पंगत हसत असायची. आठ वर्षं मी हा विनोद जेवलो आहे.

आणि त्या आठ वर्षांत भाऊजींनी काय केलं म्हणता? गाडी पूर्ण खोलली. एकेक स्क्रू लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत घातला, बरण्यांवर कागद चिकटवले आणि स्वयंपाकघरात भरल्या बरण्यांशेजारी ठेवल्या. एका रविवारी माझ्या वरणात नट निघाला. मी दात तपासत होतो आणि हे गृहस्थ आनंदानं ओरडले, "अरे बाप्पा! हाच शोधून राहिलो होतो मी!" वरणासकट तो उचलून ते कोठ्याकडे पळाले. गाडी जितक्या वेळा जोडली तितक्या वेळा मूठभर नटबोल्ट उरले. ते का उरतात असं विचारलं तर म्हणाले, "कंपनीनं जास्तीचे देल्ले असतीन." गोंदियाच्या बाजारातल्या पार्टवाल्याकडे ते इतक्या वेळा गेले की तो त्यांना लांबूनच हात जोडायचा. "भैया, इसका पार्ट तो मेरे पिताजी के पास भी नहीं था," तो म्हणायचा. भाऊजी शांतपणे विचारायचे, "आजोबा के पास?"

सीटचं प्रकरण तर मी शाळेत निबंधाला घालावं असं आहे. नवं सीट करताना काथ्या कमी पडला म्हणून त्यांनी आत तणीस भरली. कोठा गाईचा, सीट तणसीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाय तृप्त होऊन बसलेली आणि गाडीवर नुसत्या स्प्रिंगा. त्यांनी गाईला शब्दानं दुखावलं नाही, उलट माल चांगला होता याचा पुरावा म्हणून ही हकिकत ते स्वतःच सांगत फिरले. रंगाच्या वेळी त्यांना बाबूजींच्या वेळचाच रंग हवा होता, पण तो नेमका कोणता हे गंजानं कळू दिलं नाही. मायला विचारलं तर ती म्हणाली, माझ्या लग्नाच्या शालूसारखा होता. भाऊजींनी पेटीतून शालू काढला, तो पिशवीत घालून ते रंगाच्या दुकानात गेले आणि शालूच्या पदरावर थेंब टाकून रंग जुळवून आणला. रंग हुबेहूब जुळला, शालू मात्र गेला. मायनं तो डागाचा पदर बाजूला कापून गाडी पुसायला दिला.

आठ वर्षांत ती गाडी एकदाच सुरू झाली. मी साक्षीला होतो. भाऊजींनी किक मारली, फट् फट् आवाज झाला, निळा धूर निघाला, त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागे गेली. जुन्या इंजिनचं टायमिंग चुकलं की ते उलटं फिरू शकतं असं मला नंतर कळलं. पण भाऊजींनी हात लावल्यावर इंजिनालासुद्धा भूतकाळात जावंसं वाटलं, असं मी लोकांना सांगितलं. गाडी त्यांना घेऊन सरळ कोठ्यात, तणसीच्या ढिगात जाऊन थांबली. ढिगातून आवाज आला, "चालू तर झाली ना जी!"

इकडे खरी बोडी मरत होती. तिच्यात बेशरमच्या झुडपांचं रान माजलं, पाळीची माती खाली बसली, मुर्रीकडे सरकत आलेल्या शहरातले लोक येऊन मुरूम टाकून प्लॉट पाडा म्हणू लागले. ते पाहिलं की माझं डोकं फिरायचं. एका मात्रेपायी एक तळं जातंय आणि हा माणूस बरण्यांत स्क्रू मोजतोय, असं मी बायकोला म्हणायचो. ती म्हणायची, मग तुम्ही घ्या कुदळ. त्यावर माझ्याकडे शाळेच्या वह्यांची तपासणी असायची.

गेल्या महाशिवरात्रीला भाऊजींनी जाहीर केलं की या वर्षी माय गाडीवरच नागऱ्याला जाणार. सकाळी सगळे अंगणात जमलो. गाडी खरोखर देखणी दिसत होती, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागतं. माय नवं लुगडं नेसून, बेलाची पुडी घेऊन मागे बसली. एका हातानं तिनं सीट गच्च धरलं. भाऊजींनी किक मारली. मग पुन्हा मारली. अर्धा तास झाला, घाम त्यांच्या हनुवटीवरून टाकीवर पडत होता आणि ते तो पदराच्या तुकड्यानं पुसून पुन्हा किक मारत होते. माय तशीच बसून होती. तिला उन्हात ताटकळताना बघून मला जो संताप आला तो खरा होता, पण तो माझ्या तोंडून चांगल्या वाटेनं बाहेर आला नाही. मी म्हणालो, "भाऊजी, सोडा आता. बाबूजींनी ही बोडी सांगितलीच नव्हती. शेतातली बोडी सांगितली होती. तळं! आठ वर्षं गाव हसतंय तुम्हाला."

भाऊजींचा पाय किकवर होता तो त्यांनी हळूच खाली घेतला. मायकडे पाहिलं. मायनं मान खाली घातली, तेव्हा त्यांना कळलं. "असं काय," ते म्हणाले. मायला हात देऊन उतरवलं आणि गाडी ढकलत कोठ्यात नेली. ऑटो बोलावू का, असं मी मायला विचारलं. ती बेलाची पुडी तुळशीपाशी ठेवून म्हणाली, "गुरुजी, तुले अक्षरं सप्पा वाचता येतात. पन कोनतं कवा वाचावं, ते नाई येत." त्या वर्षी माय नागऱ्याला गेली नाही.

त्यानंतर दोन महिने मी मुर्रीला फिरकलो नाही. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. पंगतीत लोक म्हणायचे, गुरुजी, ते तळ्याचं सांगा ना, आणि मी पंगतीतून वाढायला उठायचो. शेवटी मे महिन्यात बायकोनं ढकलून पाठवलं. घरी कुणी नव्हतं. कोठ्यात गाय होती, गाडी नव्हती. विकली, असं वाटलं; मी त्या गाडीला इतकी वर्षं भंगार म्हणत आलो होतो, तरी तणीस बाजूला सारून बघितली. शेजारणीनं शेताकडे बोट दाखवलं.

बोडीत बेशरमचं एक पान उरलं नव्हतं. भाऊजी तळाशी गुडघाभर खड्ड्यात उभे राहून गाळ खणत होते आणि घमेली डोक्यावर घेऊन फुटक्या पाळीवर टाकत होते. पाळीवर मोहाच्या सावलीत मोटारसायकल उभी होती आणि मागच्या सीटवर माय बसली होती, पाय एका बाजूला सोडून. गाडी रोज ढकलत आणतात, असं तिनं सांगितलं, म्हणजे तिला बसायला होतं. मी खाली उतरलो. माफी मागायला शब्द जुळवत होतो, तर भाऊजीच म्हणाले, "गुरुजी, मी लई विचार केला. बाबूजीनं बोडी सांगतलन. कोनती, ते नाई सांगतलन. तुमी मनता ते बरोबर असन. माहं बी बरोबर असन. म्हनून आता दोनीवर ध्यान देऊन राहिलो."

मी मास्तर आहे, पण या उत्तराला कुठे तांबडी रेघ मारावी ते मला कळलं नाही. मी चपला काढल्या आणि घमेलं उचललं. चार घमेल्यांत माझी कंबर गेली आणि भाऊजींनी मला हात धरून पाळीवर आणून बसवलं. ती गाडी सुरू होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. ती बोडी एकट्या माणसाच्यानं होणारी नाही, हेही ठाऊक आहे. आणि या दोन्ही बाबतींत मी खोटा ठरावा असं मला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटत होतं.

भाऊजींनी डोक्याचा दुपट्टा सोडून तोंड पुसलं. "मी पानी पिऊन येतो जी," ते घराकडे वळत म्हणाले. "तवरिक बोडीवर ध्यान देजा."

कोणती, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. एक माझ्या शेजारी सावलीत उभी होती, एक समोर उन्हात पडली होती. मी दोन्हींवर लक्ष ठेवून बसलो.