ड तुकडीतला डावा हात

पर्यवेक्षक सरांनी सुनंदाच्या हातातला खडू ओढून घेतला. भर वर्गात, तपासणीला आलेल्या साहेबांसमोर. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमच्या घरांत पाठांतराची परंपरा नाही, म्हणून असली थेरं सुचतात."

अंबरनाथची शाळा, सातवी ड. गेल्या वर्षीची, ब्याण्णवची गोष्ट. 'तुमच्या घरांत' म्हणजे कुठल्या, ते पोरांनाही कळलं. माझे आजोबा छप्पन्न साली बौद्ध झाले. त्या वर्गातली निम्मी घरं तसलीच. साहेब हसले.

तपासणीचा एक रिवाज असतो. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे. येतं त्याने उजवा, येत नाही त्याने डावा. बाई उजवेच उठवतात. साहेब खूश, शाळा खूश. उल्हासनगरला शिकत होते तेव्हा मी कायम डावी. गुरुजी आधीच बजावायचे, "मागच्या बाकांनी डावाच करायचा." मला यायचं हो! पण विचारतो कोण? पुढे पुढे मलाच वाटायला लागलं, आपल्याला येत नसेल.

बी.एड.ला मानसशास्त्र होतं. बाकीचे पास होण्यापुरतं वाचायचे. मी अधाशासारखं वाचलं. डोक्यात एका वेळी थोडंच मावतं. फळ्यावरचं नुसतं उतरवलं तर काही राहत नाही, पुस्तक मिटून स्वतः आठवावं लागतं. थोडं विसरल्यावर पुन्हा आठवावं लागतं. आणि आपली चूक आपल्याला सापडली की ते पक्कं बसतं. यात आडनाव कुठे आलं?

मग मी तास तसा बांधला. आल्या आल्या पुस्तकं बंद. कालचं सांगा, गेल्या आठवड्यातलं सांगा. पहिलं गणित मी पूर्ण सोडवायचे, दुसरं अर्धं, तिसरं त्यांचं. चुकलेलं उत्तर पुसायचं नाही. पोरं रडकुंडीला आली. "बाई, सांगून टाका ना, खालीपिली डोक्याचा भुगा!" मीही वैतागायचे. दिवाळीनंतर मात्र पोरं भांडायला लागली, माझं का चुकलं ते मीच सांगणार.

तपासणीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी रिवाजाची आठवण करून दिली. मी पोरांना सांगितलं, "डावा हात आपल्या वर्गात नाही. करून बघावंसं वाटतं, त्यानेच हात वर करायचा."

साहेबांनी गणित घातलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. पाच-सहाच हात वर. पर्यवेक्षक सरांचं तोंड उतरलं. सुनंदा फळ्याशी गेली, दोन छेद पाच लिहिलं.

"अरेरे," साहेब म्हणाले.

पोरगी फळ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "थांबा साहेब. अर्ध्यात अजून घातलं, मग अर्ध्याहून कमी कसं झालं?"

तेवढ्यात सरांनी खडू ओढला. अहो, त्या एका प्रश्नासाठी मी जूनपासून घसा कोरडा केला होता! यांना फक्त चुकलेलं उत्तर दिसलं. वर माझं घर काढलं.

एरवी गिळलं असतं. नोकरी असते, संसार असतो. त्या दिवशी फार थकले होते. एवढं थकल्यावर भीतीसुद्धा उरत नाही.

"सर, तिचं संपलेलं नाही. खडू द्या."

"काय?"

"तिला खडू द्या."

त्यांनी दिला नाही. मी पेटीतला दुसरा काढून तिच्या हातात ठेवला. तिने छेद सारखे केले, पाच छेद सहा लिहिलं. साहेब तोवर निघून गेले होते. उत्तर बघायलासुद्धा थांबले नाहीत.

यंदाच्या जूनमध्ये माझं गणित काढून घेतलं. कार्यानुभव दिला. राख्या, आकाशकंदील, कागदी पिशव्या. ड तुकडीचं गणित आता सर घेतात, म्हणजे फळ्यावरचं उतरवून घेतात. मी लेखी हरकत घेतली, कोणी उत्तर दिलं नाही. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, "समजून घ्या बाई." समजून समजून हाडं झिजली माझी.

कार्यानुभवाच्या तासाला मी कागद वाटते. पोरांना घड्या घालायला लावते. अर्धा भाग, त्याचा तिसरा भाग. मग विचारते, आता न उलगडता सांगा, किती झाला? दार सताड उघडं ठेवते. सर दोनदा डोकावून गेले. बोलले तर तिथेच, पोरांसमोर भांडेन. थकलेली असले तरी भांडेन. यांतलं एकही पोर मी त्यांना ढ म्हणून देणार नाही.