विसण घालण्याआधी

ही हकिगत सांगायची मी आजवर टाळली. विसरलो होतो म्हणून नाही. घरात विषय निघाला की मी उठून खिडकीपाशी जायचो, नाहीतर वर्तमानपत्र कुठं आहे असं विचारायचो. विषय तर सारखा निघायचा, कारण ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. फक्त ती खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे ठाऊक असलेला माणूस आता मी एकटाच उरलो आहे.

घरातली गोष्ट अशी. माझी मुलगी अडीच महिन्यांची असताना, आम्ही हैदराबादला होतो तेव्हा, तिला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईनं तिच्या पायावर कढत पाणी ओतलं. बाईचं लक्ष नव्हतं. मुलीच्या डाव्या मांडीवर अजून डाग आहे. मुलीनं हे आजीकडून ऐकलं, स्वतःच्या बाळंतपणात बाई लावायला साफ नकार दिला, आणि गेल्या महिन्यात माझ्या नातीचं बाळ घरी आलं तेव्हा तिलाही सांगितलं.

"परक्या हातात लेकरू द्यायचं नाही. बाबांना विचार, ते होते तिथं."

नातीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या दिवसापासून मला चैन नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

ते दिवस हैदराबाद राज्याच्या वाटणीचे होते. राज्याचे तीन तुकडे होणार हे ठरलं होतं. मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि आमचं काम फायली निवडण्याचं होतं: मराठवाड्याच्या जिल्ह्यांच्या एका भिंतीला, तेलंगणाच्या दुसऱ्या, कानडी जिल्ह्यांच्या तिसऱ्या. माणसांचीही तशीच निवड चालली होती. मुंबई राज्यात जाणार की इथंच राहणार, ही पसंती प्रत्येकानं लिहून द्यायची होती. माझं पक्कं होतं. आमची शेती नांदेडकडे, पण मी शाळेपासून हैदराबादेत वाढलेला. गावी आई मला "आमचा हैदराबादचा पाहुणा" म्हणायची. मी इथंच राहणार होतो.

सुलतान बाजाराच्या मागं एका गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. मागच्या बाजूला मोरी, मोरीतच पाणी तापवायची चूल, आणि नळ मात्र अंगणात, पाच बिऱ्हाडांत मिळून एक. बाळंतपणासाठी आई गावाहून आली होती. न्हाऊ घालायला येणारी बाई तेलुगू होती, पन्नाशीची, आमच्याशी दख्खनी बोलायची आणि त्यात मराठी शब्द पेरायची. सगळी गल्ली तिला अम्मा म्हणायची. नवरा नव्हता, मागंपुढं कुणी नव्हतं. आमच्या आणि शेजारच्या गल्लीतली पाच मराठी घरं तिच्याकडे होती. त्या पाच घरांवर तिचं पोट चालायचं.

ती पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत सारून दोन्ही पाय लांब करायची आणि बाळाला पायांच्या पन्हळीत पालथं घालायची. मग तेल, मग मसुराचं पीठ. बाळ रडायला लागलं की तिची मजा सुरू व्हायची. "चिल्ला मेरी रानी, चिल्ला. तेरा बाप कचेरी में मुंडी हिला हिला के पेट भरता, तू चिल्ला के भर." मी बाहेरच्या खोलीत भांग पाडताना हे ऐकायचो आणि हसायचो.

आईचं आणि तिचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. अम्मा घंगाळात आधी गार पाणी घ्यायची आणि मग त्यात कढत घालत जायची. आमच्याकडे ते चालत नाही. जित्या माणसाच्या अंघोळीला आधी कढत पाणी, मग त्यात गार पाण्याचं विसण. उलटं केलं तर ते मेलेल्याच्या अंघोळीचं पाणी होतं, अशी आमची समजूत.

"असं करू नको गं बाई," आई म्हणायची. "लेकराचं वंगाळ होतंय."

"ठंडे पे गरम डाले तो हाथ नै जलता, आईसाब. मुर्दे को क्या मालूम पैले क्या डाले?"

"मुर्द्याला नसंल कळत. मला कळतंय."

शेवटी अम्मानं हात जोडले. "तुम्हारा घर, तुम्हारा पानी." तेव्हापासून आमच्या मोरीत आधी कढत पाणी पडायला लागलं.

त्या सकाळी माझी बायको तापानं आतल्या खोलीत निजून होती. एरवी मोरीच्या दारात बाळ धरायला तीच उभी असायची. आई पुढच्या खोलीत भाकरी थापत होती. मला लवकर निघायचं होतं. पसंतीचा कागद त्या दिवशी साहेबांपुढं उभं राहून द्यायचा होता. इस्त्रीचा सदरा मी अंगात चढवला होता, शेरवानी खुंटीला होती.

मोरीतून अम्माचं हसणं आलं. बाळानं तिच्या पायांवर, लुगड्यावर, पाटावर, सगळीकडे शी करून ठेवली होती. "पेट साफ तो दिल साफ!" पाणी ओतल्याचा, पाट घासल्याचा आवाज आला. मग तिनं हाक मारली. "बाबू, जरा पकडो पोट्टी को."

मी गेलो. तिनं बाळाला फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि अंगणात गेली. ती लुगडं धुवायला गेली असं मला वाटलं. तिच्या कमरेला घागर होती हे मी पाहिलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की घंगाळ भरलेलं आहे आणि शेजारची गार पाण्याची बादली रिकामी आहे. बादली रिकामी, म्हणजे विसण घंगाळात गेलं. आमच्या घरात दुसरा अर्थ निघतच नव्हता. पण ते गार पाणी घाण धुण्यात संपलं होतं, आणि घंगाळात नुसतं कढत होतं. चुलीमुळं मोरीत नेहमीच वाफ असायची, त्यामुळं वाफेनंही मला काही सांगितलं नाही.

तेवढ्यात बाळाला परत शी झाली. पातळ, हिरवट, फडक्यातून झिरपत माझ्या बाहीवर आणि तिथून छातीवर. माझ्या तोंडून शिवी गेली. अडीच महिन्यांच्या मुलीला मी शिवी दिली, हेही लिहायला हवं. डाव्या हातावर तिला पालथी धरली, उजव्या हातानं तांब्याचा गळा पकडून तो घंगाळात बुडवला आणि तिच्या मांड्यांवर ओतला. पाण्याला माझं बोटसुद्धा लागलं नव्हतं.

तिचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. श्वासभरच असेल, पण ते उघडं तोंड आणि ती शांतता. नंतर ती किंचाळली, सगळ्या गल्लीनं ऐकलं म्हणतात. मला ती किंचाळी आठवत नाही. कुणी जांभई दिली, दात दाखवायला एखाद्या मुलानं आ केला, तरी मला ते तोंड दिसतं आणि आवाज येईपर्यंत मी श्वास धरून ठेवतो.

अम्मा धावत आली. तिनं बाळ माझ्या हातातून ओढून घेतलं आणि नुकतीच भरलेली घागर सगळी तिच्या पायावर ओतली. तांब्या माझ्या हातून मोरीत गडगडला होता. आई पोचली तेव्हा तिला दिसली ती अम्मा, मांडीवर लाल झालेलं बाळ आणि हातात रिकामी घागर.

"काय केलंस गं हे? आन् भाजल्यावर गार पाणी ओततीस?"

अम्मानं माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून ती थांबली.

मी म्हणालो, "पाणी फार कढत होतं."

यात एक अक्षर खोटं नाही. तेच वाक्य मी आयुष्यभर वापरलं.

मी डॉक्टरांना आणायला पळालो. त्यांनी पाय पाहिला, मलम लावलं आणि दारात मला विचारलं, "लगेच गार पाणी कुणी ओतलं? त्यामुळं थोडक्यात निभावलं." मी "हो" म्हणालो. प्रश्न "कुणी" असा होता आणि उत्तर "हो" होतं. हे डॉक्टरांचं बोलणंही मी घरात कुणाला सांगितलं नाही.

अम्मा बाहेर पायरीवर बसलेली होती. आईनं तिला घराबाहेर काढलं होतं.

"बाबू, आईसाब को बोल देव."

"बोलतो."

"आज के आज बोलो. ये बात नल पे गयी तो मेरे पाँचों घर गये. जली हुई पोट्टी की बात सुने बाद मेरे हाथ में बच्चा कौन देगा?"

"संध्याकाळी बोलतो, अम्मा. शाम को."

"शाम को?"

"हौ."

कचेरीत मी कागद दिला नाही. घरी आजारपण आहे म्हणून दहा दिवसांची मुदत मागून घेतली. संध्याकाळी घरी आलो तर आई नळावर होती, आणि तिच्याभोवती शेजारच्या तीन बायका. आत बायको बाळाला घेऊन भिंतीला टेकून बसली होती, अंगात ताप तसाच.

"मी उठायला हवं होतं," ती म्हणाली. "एरवी मीच धरते. आजच डोळा लागला."

तिचा दोष नाही हे तिला सांगणं एवढंच मला तेव्हा सुचत होतं. मी म्हणालो, "तुझं काय चुकलं? बाईचं लक्ष नव्हतं."

सकाळी मी गप्प बसलो होतो. संध्याकाळी खोटं बोललो, आणि तेही कुणी न विचारता. माझ्या डाव्या मनगटावर फोड आला होता. तिनं बाही वर सारली आणि पाहिलं. "हे काय?" कचेरीत मोहोर लावताना लाख सांडली, असं मी सांगितलं. तिनं फोडाला तूप लावलं. त्यानंतर पन्नास वर्षं आम्ही एकत्र राहिलो, तिनं त्या फोडाबद्दल पुन्हा विचारलं नाही. तिनं विचारावं असं मला वाटत राहिलं. तिला सगळं माहीत असावं असा संशय येतो तेव्हा मला जास्त भीती वाटते.

आठवडाभरात अम्माची पाचही घरं तुटली. एका घरी तिसऱ्या दिवसाची बाळंतीण होती, तिनंसुद्धा दुसरी बाई शोधली. सवयीनं असेल किंवा आशेनं, अम्मा सकाळी तिच्या कामाच्या वेळेला गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर येऊन बसायची. तेलाची बाटली पदराखाली. मला पाहून ती उठायची नाही, हाक मारायची नाही. नुसती बघायची. मी कचेरीला मागच्या बोळातून जायला लागलो.

मुदत संपली त्या दिवशी मी कागदावर "हैदराबाद" खोडलं आणि मुंबई राज्य लिहिलं. कचेरीतल्या मराठी मंडळींनी मला चहा पाजला. "शेवटी रक्त बोललं!" एकजण म्हणाला. पुढं औरंगाबादेत माझ्या निवृत्तीच्या समारंभातही कुणीतरी सांगितलं, की यांनी हैदराबादचा आराम सोडून मराठी मुलूख पत्करला. मी हार घालून ऐकत होतो. मी भाषेसाठी गेलो नाही. एका ओट्यासमोरून जायचं टळावं म्हणून मी राज्य बदललं.

एकदाच परत गेलो. मुलगी कॉलेजात होती, कचेरीच्या कामानं नामपल्लीला उतरलो आणि या वेळी सांगायचंच असं ठरवून चालत गल्लीत गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. किराणा दुकानापुढं अम्मा सूप घेऊन डाळ पाखडत बसली होती. वाळून गेली होती. तिनंच मला आधी ओळखलं.

"बाबू? पोट्टी कैसी है?"

"चांगली आहे. कॉलेजात जाते."

"और दाग?"

"गेला," मी म्हणालो. "काहीच दिसत नाही."

"देवुडा." तिनं सूप खाली ठेवून वर आकाशाकडे हात जोडले. "उसके बाद मैं बच्चे को हाथ नै लगायी, बाबू. पैले कोई दिये नै. फिर दिये तो मेरेकूच डर लगा. सच बोलूँ? गलती मेरीच थी. बिना विसण का घंगाळ छोड के मैं कैकू गयी?"

दिवसाउजेडी, भर बाजारात, ती माझ्या पुढं माझा गुन्हा स्वतःच्या नावावर घेत होती. मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. दुकानदारानं आतून हाक मारली, "अम्मा, डाल हुई क्या?" ती उठायला लागली. मी तिला उठायला हात दिला आणि म्हणालो, "येतो, अम्मा." स्टेशनपर्यंत मी जवळजवळ पळत गेलो.

ती आता नसणार. हे कागद मी मुलीला वाचायला देणार आहे, तिला काय वाटायचं ते वाटो. पण जे मी त्या दुकानापुढं बोलायला गेलो होतो ते तिच्या भाषेत होतं आणि तिच्यासाठीच होतं. ते असं होतं: अम्मा, घंगाळ छोडना गलती नै थी. पानी मैं डाला, हाथ लगा के देखे बिना डाला. तुम मेरे मुँह को देखते रहे और मैं चुप बैठा, शाम को बोला सो भी झूठ बोला. तुम्हारे पाँच घर मैं तोडा. मेरे को माफ करो.