मेव्हिसबाईंना हवी होती रविवारची गाडी

मेव्हिस ब्रेथवेट यांना चार माणसांत तक्रार करताना आजवर कुणी ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघरात किटलीशी आणि मांजराशी त्या पुष्कळ काही बोलत, पण तो घरातला मामला. बाहेर कुणी विचारलं, की उत्तर ठरलेलं, "चाललंय की. बरंच म्हणायचं."

सँडगार्थ गावच तसं. वादळानं क्लिफर्ड डिक्सनच्या परसातली लाकडी खोली उचलून खाडीत नेऊन टाकली, तेव्हा तो खिशात हात घालून उभा राहिला आणि म्हणाला, "आता पाणी जरा नीट दिसतं." कुणी हळहळ व्यक्त केली तर त्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. रडगाणं गाणं म्हणजे पाहुण्यांसमोर पायमोजे काढून बसण्यासारखं, असं या गावात लहानपणापासून शिकवतात.

मेव्हिसबाई इथल्याच. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांची उभी हयात गेली. अर्ध्या गावाला त्यांनी लहानपणी उकडलेला कोबी खायला लावला होता, आणि ते अर्धं गाव अजूनही त्यांच्यासमोर बशीत काही टाकत नसे. नवरा हॅरल्ड देवाघरी गेला. मूलबाळ नव्हतं. चॅपल, म्हणजे गावचं छोटंसं प्रार्थनाघर होतं, आणि थोरली बहीण थेल्मा होती.

दोघी बहिणी एकाच गल्लीत समोरासमोर राहिल्या. सकाळी कुणाचा पडदा आधी उघडतो यावरून जन्मभर टोमणे चालले. मग थेल्माचा खुबा मोडला, आणि खाडीपलीकडे अल्डरमथला, म्हाताऱ्या माणसांच्या निवासात तिला राहायला जावं लागलं. अल्डरमथ सँडगार्थच्या फलाटावरून स्वच्छ दिसतं. गाडीनं पूल ओलांडला की आलंच. रस्ता मात्र सगळ्या खाडीला वळसा घालून जातो, आणि मेव्हिसबाईंना मोटार चालवता येत नाही.

म्हणून त्या गाडीनं जात. सँडगार्थला गाडी आपणहून थांबत नाही. फलाटावर उभं राहून हात पुढे करायचा, तेव्हा ती थांबते. मेव्हिसबाईंचा हात अगदी कोपरातून जेमतेम निघायचा. ड्रायव्हरला उगाच त्रास नको.

अडचण होती ती रविवारची. रविवारी या मार्गावर गाडीच नव्हती, आणि निवासात सगळ्यांची माणसं यायची ती नेमकी रविवारी. मुलं, नातवंडं, फुलं, केक. थेल्मा याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. तिथल्या परिचारिकेनंच एकदा सहज सांगितलं, "रविवारी थेल्माबाई खिडकीपाशी खुर्ची ओढून बसतात. म्हणतात, मला इथला उजेड बरा पडतो." त्या खिडकीतून पूल दिसायचा.

ते ऐकल्यापासून मेव्हिसबाईंच्या घशाखाली रविवारचा घास नीट उतरेना.

क्लिफर्डकडे मोटार होती. त्यानं एकदा विचारलंही होतं, "रविवारी तुला पलीकडे सोडायला नको ना?"

"छे छे, तुला कशाला त्रास."

"नक्की?"

"नक्की."

झालं. तो सुटला असं मेव्हिसबाईंना वाटलं, आणि आपण आगाऊपणा केला असं क्लिफर्डला वाटलं. विषय संपला.

अशात बातमी आली की सरकारनं या रेल्वेमार्गाचा मक्ता पुन्हा द्यायला काढला आहे, आणि बोली लावणारी वेस्टशोर नावाची कंपनी गावोगाव फिरून लोकांना काय हवं ते विचारते आहे. सँडगार्थची सभा चॅपलच्या सभागृहात होणार होती. चहाचं काम अर्थातच मेव्हिसबाईंकडे.

सभेत काय बोलायचं याची त्यांनी आठवडाभर तालीम केली. चॅपलमधले पितळी दिवे घासताना त्यांनाच ठणकावलं, "रविवारी गाडी पाहिजे म्हणजे पाहिजे." दिवे मुकाट ऐकत होते. घरी मांजराला ऐकवलं, तर ते उठून गेलं.

सभेच्या दिवशी कंपनीचा माणूस आला. टोबी हारग्रीव्ह त्याचं नाव. कोवळा, गोड चेहऱ्याचा, आणि खाडीच्या वाऱ्यानं केस पार विस्कटलेला. त्यानं भिंतीला मोठे फलक लावले. त्यावर मार्गाचा नकाशा, आणि प्रत्येक स्टेशनाशी प्रश्न. डबे कसे आहेत? वेळा बऱ्या आहेत का? रविवारचं काय? शेजारी टेबलावर गोल टिकल्या ठेवल्या. चांगलं असेल तिथं हिरवी टिकली चिकटवायची, बदल हवा तिथं लाल.

लोक चहाचे कप घेऊन फलकांसमोर उभे राहिले. कुणी पुढे होईना.

"लाल रंग जरा भडकच वाटतो नाही?" क्लिफर्ड हळूच म्हणाला.

"बिचारा एवढ्या लांबून आलाय," मागून कुणी तरी म्हणालं. "आणि फलक किती सरळ लावलेत बघा."

क्लिफर्डनं एक हिरवी टिकली उचलली आणि डब्यांच्या प्रश्नाखाली लावली. मग दुसऱ्यानं लावली. एकदा सुरुवात झाल्यावर हात आखडता कोण घेणार? बघता बघता फलकावर हिरवळ पसरली.

टोबी चहाच्या टेबलाशी आला. "मिसेस ब्रेथवेट, हा आल्याचा केक तुम्ही केलात? अप्रतिम आहे. आणि तुम्ही गाडीनं बऱ्याचदा जाता म्हणे. कशी वाटते सेवा?"

मेव्हिसबाईंनी तोंड उघडलं. आठवडाभराचं सगळं ओठांवर आलं होतं. आणि ते मूल तोंडभर केक घेऊन इतक्या आशेनं बघत होतं!

"छान आहे हो, बाळा," त्या म्हणाल्या. "आणखी एक तुकडा घे."

तो गेल्यावर त्यांनी चहाच्या मोठ्या भांड्याकडे बघून स्वतःला असा एक शब्द वापरला, जो चॅपलच्या आवारात सहसा वापरत नाहीत.

शेवटी टोबी समोर उभा राहिला. खूष होता. "मी खरंच भारावून गेलोय. बाकी गावांत लोक नुसते अंगावर येतात. तुमच्याइतके समाधानी प्रवासी मी पाहिले नाहीत. आमच्या प्रस्तावात सँडगार्थपुढे मी आनंदानं लिहीन, आहे तसंच ठेवावं."

सभागृहात एकमेकांकडे बघायचंही कुणाला धाडस होईना.

"फार छान," क्लिफर्ड मेल्या आवाजात म्हणाला.

आता उठायचं एवढंच राहिलं होतं. पण त्या सभागृहाचा एक रिवाज होता. सभा भाजीपाल्याच्या प्रदर्शनाची असो की गटारांची, शेवट प्रार्थनेनं व्हायचा. चॅपलच्या पाळकबाई रोवेना उभ्या राहिल्या. आळीपाळीनं कुणालाही सांगायची त्यांची पद्धत. "मेव्हिस, आज तुम्ही प्रार्थना कराल?"

मेव्हिसबाईंनी हात पुसले, जोडले, डोळे मिटले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. टोबीनंही केकचा तुकडा खिशात सरकवून मान खाली घातली.

"हे स्वर्गीय पित्या, या दिवसाबद्दल आणि या चहाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. या मुलाला तू सुखरूप इथवर आणलंस. त्याला तसंच सुखरूप घरी ने."

"आ..." क्लिफर्डनं आमेनला सुरुवात केली.

"आणि बापा," मेव्हिसबाई म्हणाल्या. डोळे मिटलेले होते, आणि समोर कुणी अनोळखी माणूस नव्हता. ज्याच्याशी त्या रोज सकाळी बोलत, तोच होता. "तुला माहीत आहे, की रविवारी गाडी नसते. तो दिवस तू विश्रांतीचा ठेवलास, मी त्यावर वाद घालत नाही. पण तुझा पुत्र त्या शब्बाथाच्या दिवशीसुद्धा आजाऱ्यांकडे जायचा. आणि त्याला पाण्यावरून चालत जाता यायचं. मला येत नाही."

कुणीतरी नाक ओढलं. रडून की हसून, कळलं नाही.

"थेल्मा रविवारी खिडकीशी बसते. उजेड बरा पडतो म्हणते. बापा, ती खिडकी उत्तरेची आहे, तिथं ऊन येतच नाही. या गाडीवाल्यांच्या मनात तू काही घाल. सकाळी एक जायला, संध्याकाळी एक यायला. जास्त नको. तुझी इच्छा असेल तर. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. पण डोळे कुणी उघडले नाहीत.

"हे प्रभू," क्लिफर्डचा घोगरा आवाज आला, "मागच्या डब्याचं छत गळतं. मी छत्री उघडून बसतो. तक्रार नाही, नुसतं कळवतोय."

"आणि संडास, प्रभू," मागच्या रांगेतून एक बाई कळवळून म्हणाली.

यावर जे आमेन झालं, तसं नाताळातही होत नाही.

टोबीनं एक डोळा किलकिला केला. पेन त्याच्या हातात आलं होतं, पण प्रार्थना चालू असताना लिहावं की नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"देवाच्या लक्षात राहील, भाऊ," पाळकबाई मान खालीच ठेवून म्हणाल्या. "तुमच्या राहील का?"

तेव्हा त्यानं भराभर लिहायला घेतलं.

निघताना तो मेव्हिसबाईंपाशी आला. "पण हे सगळं मघाशी का नाही सांगितलंत?"

"मघाशी तू विचारत होतास ना, बाळा," मेव्हिसबाई म्हणाल्या. "तोंडावर कसं सांगणार?"

मक्ता वेस्टशोरलाच मिळाला. त्यात सँडगार्थच्या आमेनचा वाटा किती, ते वर बसलेल्यालाच ठाऊक. छत अजून गळतं, फक्त आता दुसऱ्या बाजूनं. पण नव्या वेळापत्रकात रविवारची गाडी आली. सकाळी एक जायला, संध्याकाळी एक यायला. जायची गाडी होती ती मात्र ऐन उपासनेच्या वेळेला.

"सकाळी म्हणालीस. सकाळी कधी, ते सांगायला नको?" क्लिफर्ड म्हणाला. "देवाशी बोलताना तरी नीट बोलायचं."

मेव्हिसबाईंनी हॅरल्डच्या अंत्यविधीखेरीज चॅपलमधली आपली जागा कधीच रिकामी ठेवली नव्हती, आणि अंत्यविधीलाही ती रिकामी नव्हतीच म्हणा, दोन बाकं पुढे होती एवढंच. रात्रभर त्यांची चुळबूळ चालली. सकाळी गुडघ्यावर बसल्या तेव्हा काही मागितलं नाही. "जाऊन येते," एवढंच सांगितलं.

चांगली टोपी घालून त्या निघाल्या, तेव्हा सगळं गाव चॅपलकडे चाललं होतं आणि त्या एकट्या उलट्या दिशेनं. दारात पाळकबाई उभ्या होत्या. मेव्हिसबाईंचे गाल लाल झाले.

"जा, जा," रोवेनाबाई म्हणाल्या. "गाताना वरच्या सुरात आज कुणी चिरकणार नाही. आम्हालाही बरं."

फलाटावर वारा होता. पुलाच्या अलीकडून गाडी दिसली, तसा मेव्हिसबाईंनी हात पुढे केला. खांद्यापासून, पूर्ण.

निवासाच्या दिवाणखान्यात गर्दी होती. थेल्मा खिडकीशी पाठमोरी बसली होती. मेव्हिसबाई जवळ गेल्या, तशी ती वळली, आणि तिचा चेहरा एकदम कडक झाला.

"तू? आज? प्रार्थना बुडवलीस?"

"बुडवली."

"लाज वाटत नाही या वयात?"

"वाटते. बसू का?"

शेजारच्या खुर्चीतली म्हातारी कान देऊन ऐकत होती. "थेल्मा, हीच का गं तुझी बहीण? तू तर म्हणायचीस, तिला रविवारी येताच येत नाही. ती गेल्याशिवाय तिकडे चॅपल सुरूच होत नाही."

मेव्हिसबाईंनी बहिणीकडे बघितलं. थेल्मा पापणीही न लववता म्हणाली, "आज बंद ठेवलंय."

मग तिनं धरून चालायची चौकट पुढे ओढली आणि तिच्यावर भार देऊन उभी राहिली. "चल."

"कुठं? मी आत्ता तर आलेय. जरा टेकू तरी दे."

"नंतर टेक. आधी चल."

आणि तिनं मेव्हिसबाईंना सगळ्या दिवाणखान्यात फिरवलं. एकेका खुर्चीपाशी थांबायची, मुलंनातवंडं बाजूला सारायची, आणि ओळख करून द्यायची. मेव्हिसबाई टोपी सावरत प्रत्येकाला चाललंय की, बरंच म्हणायचं, असं सांगत होत्या. शेवटी कोपऱ्यात एक आजोबा तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

"त्यांना राहू दे गं," मेव्हिसबाई कुजबुजल्या.

थेल्मानं चौकटीच्या पायानं त्यांची खुर्ची ठोकली. "अहो, उठा. ही माझी बहीण. रविवारची आलीय."