आज गाडी भरणार नाही

नगरच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी डिस्पॅच सांभाळते. तयार पंप खोक्यांत बंद करून, टेम्पोत चढवून वेळेवर रवाना करायचे, हे माझं काम. रुजू झाले तेव्हा ते मला पटकन जमलं. जमत नव्हतं ते कुणाला ‘नाही’ म्हणणं.

कर्जतजवळच्या आमच्या गावात मोठ्या माणसाने काम सांगितलं की ते करायचं, त्यावर बोलायचं नाही, अशीच सवय. त्यात माझी बोली. घरी ‘न्हाई’, ‘व्हय’, ‘लई’ असं सर्रास बोलणारी मी ऑफिसात कुणी हसेल या धास्तीने तोंड उघडत नसे. सगळ्यात कमी शब्दांत सुटायचं तर ‘हो सर’ बरं.

माझ्या ‘हो सर’चा सगळ्यात जास्त उपयोग विक्रीच्या सरांना व्हायचा. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, दिवाळीला सगळ्यांना आठवणीने फराळ आणणारा. पण ग्राहकाचा फोन आला की ते सांगून मोकळे व्हायचे, “संध्याकाळी निघतेय तुमची गाडी.” फोन ठेवून मग माझ्या टेबलाशी यायचे. माल अजून टेस्टिंगला असायचा, टेम्पो ठरलेला नसायचा, तरी मी हो म्हणायचे आणि सगळे घरी गेले तरी खोकी मोजत उभी राहायचे. यापायी चुलत भावाची हळद हुकली. जिवलग मैत्रिणीचं डोहाळजेवण हुकलं, ती तर माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हती.

हे सगळं अकाउंट्सच्या मॅडम बघत होत्या. भिंगारला राहणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या, आणि आवाज कधीच न चढवणाऱ्या. तरी मालकसुद्धा त्यांच्याकडे काही मागताना आधी “वेळ आहे का?” असं विचारत. एकदा जेवताना मी त्यांना सांगितलं की पुढच्या शनिवारी संध्याकाळी धाकट्या बहिणीचा साखरपुडा आहे, पण जायला मिळेल की नाही कोण जाणे.

“कोण जाणे म्हणजे? तुलाच जायचंय ना?” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझा डबा बाजूला सरकवला आणि स्वतः विक्रीचे सर झाल्या. खुर्चीत त्यांच्यासारख्या रेलून, कानाशी मोबाईल धरून त्यांनी मला गाडी भरायला सांगितली. मी नाही म्हटलं आणि लगेच कारणांची रांग लावली. बहिणीचा साखरपुडा, बसची अडचण, आईचा दुखरा गुडघा.

“गुडघा कशाला काढलास?” मॅडम हसायला लागल्या. “एक कारण दिलंस की समोरचा त्यावर तोड काढतो. पाच दिलीस तर पाच तोडी काढेल. काय जमणार नाही ते सांग, काय जमेल ते सांग, आणि गप्प बस.”

गप्प बसणं सगळ्यात अवघड निघालं. माझं बोलणं संपलं की मॅडम मुद्दाम काही न बोलता माझ्याकडे बघत राहायच्या आणि मी अवघडून “बरं, बघते मी” म्हणून टाकायचे. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत आमचं हे नाटक चाललं. पॅकिंगच्या बायका डबे घेऊन बघायला बसू लागल्या. एकीने तर विक्रीच्या सरांचं काम मॅडमपेक्षा भारी केलं.

शनिवारी दुपारी सर खरोखरच आले. पुण्याच्या ग्राहकाला शब्द दिलाय, आज संध्याकाळी गाडी भरून द्या, म्हणाले. पाठ केलेली शुद्ध वाक्यं कुठल्या कुठे गेली.

“आज न्हाई जमणार, सर,” मी म्हणाले. “माल टेस्टिंगला हाय. सोमवारी सकाळी पहिली गाडी तुमची.”

आणि गप्प बसले. सर थांबले. मी टेबलाची कड धरून ठेवली होती. ते म्हणाले, “पण शब्द मी देऊन बसलोय.” त्यावर मी म्हणाले, “पुढच्या वेळी शब्द देण्याआधी मला विचारा. मी खरी वेळ सांगेन.”

ते तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. थोड्या वेळाने मलाही बोलावणं आलं. मॅनेजरनी विचारलं, मी तेच परत सांगितलं. त्यांनी तिथूनच ग्राहकाला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला की रविवारी आमचं गोडाऊन बंदच असतं, सोमवारी आला तरी चालेल. मॅनेजरनी विक्रीच्या सरांकडे बघितलं, सर पंख्याकडे बघत होते. माझ्या बोलीला कुणी हसलं नव्हतं, हे मला बाहेर आल्यावर ध्यानात आलं.

माळीवाड्याच्या स्टँडवर कर्जतची बस लागलेलीच होती. घरी पोचले तेव्हा बहीण साडी नेसत होती. मला बघून तिने पिना तोंडातून काढल्या आणि म्हणाली, “तू आलीस व्हय? आमी तुला धरलंच नव्हतं.” मग तिच्या निऱ्या मीच घातल्या. साखरपुड्यात मी इतकी हसत होते की नवरदेवाकडच्या बायकांनी आईला विचारलं, लग्न नक्की कोणत्या मुलीचं ठरलंय?

सर काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एका दुपारी स्वतःचा चहा घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले की ग्राहकाला नाही म्हणायचं झालं तर आपल्याला घामच फुटतो, पहिल्या नोकरीपासून असंच आहे. त्यांना कुणाची भीती वाटत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

मी त्यांना मॅडमसमोर नेऊन बसवलं. मॅडमनी चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, “आता तू ग्राहक हो. चांगली खडूस हो.”

मी झाले. सर पहिल्याच फेरीत मला गाडी देऊन बसले, तीही बिनभाड्याची. पॅकिंगच्या बायका हसून हसून बेजार झाल्या, आणि सर स्वतःही.